थेट लाल

आमच्या घरात वाद रंगायचेच नाहीत, कारण ते सुरू व्हायच्या आधीच आमचे हे निकाल देऊन मोकळे व्हायचे. नोकरी विजेचे मीटर तपासण्याची, पण जीव फुटबॉलच्या मैदानावर. सगळी हयात ह्यांनी पंच म्हणून काढली. सगळं शहर ह्यांना शिट्टीमास्तर म्हणतं. एकदा दिलेला निर्णय ह्यांनी मैदानावर कधी फिरवला नाही आणि घरातही नाही. बैठकीच्या भिंतींना हिरवा रंग ह्यांनीच ठरवला. तो लागल्यावर शेवाळलेल्या हौदात बसल्यासारखं वाटायला लागलं, तरी तो आजही तसाच आहे. त्यावरून मी ह्यांची भरपूर टिंगल केली. मुलीच्या खटल्याच्या निकालानंतर मात्र मला टिंगल सुचेना.

मुलगी एका क्लबात फिजिओथेरपिस्ट. खेळाडूंचे मुरगळलेले घोटे आणि आखडलेल्या पाठी तिने बऱ्या करायच्या. त्याच क्लबाच्या कप्तानाने उपचारांच्या खोलीचं दार आतून लावून तिच्यावर बलात्कार केला. लोक त्याला 'तो प्रकार' म्हणतात. मी म्हणत नाही. कोर्टात गुन्हा शाबीत झाला. मग न्यायाधीश म्हणाले, आरोपी तरुण आहे, गुन्हा पहिलाच आहे, खेळाडू म्हणून भविष्य उज्ज्वल आहे. त्यांनी शिक्षा दिली आणि लगेच ती स्थगितही केली. म्हणजे नीट वागला तर त्याने तुरुंगाचं तोंडही बघायला नको. संध्याकाळी हा बाबा सरावाला हजर!

घरी आल्यावर बूट काढता काढता हे म्हणाले, "निर्णय झाला. पटो न पटो, पंचाशी हुज्जत घालायची नसते. आता पुढचं बघायचं."

मुलीने तिचं ताट उचललं आणि आपल्या खोलीत जाऊन जेवली. त्या दिवसापासून बापलेकीचं बोलणं बंद झालं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पोरीपेक्षा तुमचे नियम मोठे झाले का हो?" मी विचारलं. ह्यांनी माघार घेतली नाही. तिने हाय खाल्लेली मला दिसत होती. वाढीव शिक्षा तिला हवीच होती, पण त्याहून जास्त तिला बाप आपल्या बाजूला हवा होता.

बाहेर एव्हाना गदारोळ माजला होता. एवढ्या गंभीर गुन्ह्याला इतकी मवाळ शिक्षा कशी, म्हणून काही जण चिडले होते. सूड म्हणजे न्याय नव्हे, असं दुसरे सुनावत होते. काही वकील बायकांनी जाहीर सभा ठेवली. सरकारने अपील करावं म्हणून तिथे सह्या घ्यायच्या होत्या. मुलीने ठरवलं, आपण बोलायचं, आणि तेही नाव लपवून नाही. निघताना चपला घालत ती इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ह्यांना म्हणाली, "बाबा, मी सभेला चाललेय. येणार?"

हे आले. पण बसले शेवटच्या रांगेत, दाराजवळ. राखणीला आल्यासारखे.

सभागृह गच्च भरलं होतं. आधी क्लबाचे सेक्रेटरी उठले. "मुलगा आमच्या डोळ्यांसमोर वाढलाय. आजवर त्याच्या नावावर एक साधी तक्रार नाही. पहिल्याच चुकीला त्याच्या आयुष्याची माती करायची का?" बऱ्याच माना डोलल्या. मला उठून त्यांची गचांडी धरावीशी वाटली.

मग माझी लेक माईकसमोर उभी राहिली. तिने आपलं पूर्ण नाव सांगितलं. "पेपरवाल्यांनी जिचं नाव छापलं नाही, ती मीच," ती म्हणाली. आवाज जराही कापला नाही. मग तिने शेवटच्या रांगेकडे पाहिलं.

"बाबा, नियमातलं एक विचारू?"

सगळ्या माना मागे वळल्या. हे उभे राहिले. नियमाचा प्रश्न बसून सोडवणं ह्यांना जमत नाही.

"सामना नुकताच सुरू झालाय. एकाने मुद्दाम दुसऱ्याचा पाय मोडला. काय दाखवाल?"

"लाल कार्ड."

"आधी पिवळं नको? त्याची पहिलीच वेळ आहे."

"पिवळं कशाला? अशा वेळी थेट लाल."

"संघातला सगळ्यात गुणी खेळाडू असेल तर?"

"असू दे की! ज्याचा पाय मोडला त्याचं काय?" हे तावातावाने बोलून गेले आणि मग लेकीकडे बघतच राहिले. समोर कोण विचारतंय, ते तेव्हा ह्यांना उमगलं असावं.

"आणि पंचाने नुसती समज देऊन सोडून दिलं तर?"

"तर वरच्या समितीकडे दाद मागायची," हे हळू म्हणाले. "पंच चुकला म्हणून."

मग ह्यांनी घसा साफ केला. "मंडळी, ही माझी मुलगी. कोर्टानंतर मीही घरात एक निर्णय दिला होता. तो साफ चुकला. मी तो सर्वांसमोर मागे घेतो. अपील झालंच पाहिजे, आणि पहिली सही…" पुढे ह्यांना बोलवेना. डोळ्यांना धारा लागल्या. पण हातवारे सुरूच होते, आणखी बरंच सांगायचं होतं.

माझा ऊर भरून आला. ह्यांचा अभिमान वाटलाच, पण लेकीचा कितीतरी जास्त. तिचेही डोळे भरले होते, पण तिने माईक सोडला नाही.

"ऐकलं, बाबा," ती म्हणाली. "आता बसा. माझं अजून संपलेलं नाही."

आणि आमचे हे, भर सभेत, निमूटपणे खाली बसले.