ओठांवरचा चमत्कार

"पोरगी बोलली! भैरी पोरगी बोलली की!"

गिरणीमागच्या मैदानात एकच कल्ला उठला. बायकांनी पदर डोळ्याला लावले, पुरुषांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या आणि लाकडी मंचावर वाचासिद्ध महाराजांनी डोळे मिटून असा चेहरा केला, की जणू सृष्टी निर्माण करून नुकतेच टेकताहेत. चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात या महाराजांनी सोलापुरात नुसता धुमाकूळ घातला होता. मुक्याला वाचा, बहिऱ्याला कान! आंधळ्यांच्या वाटेला मात्र ते गेले नाहीत. ते काम जरा अवघड पडत असावं.

मंचावर सात वर्षांची रुद्राणी उभी होती, जन्मापासून बहिरी. तिच्या गळ्यातली श्रवणयंत्राची डबी महाराजांनी आधीच काढून बाजूला ठेवली होती. महाराजांनी तिच्या पाठीमागे जाऊन घंटा वाजवली, तशी पोर गर्रकन वळली. मग महाराज समोर आले, वाकले आणि माईकवर म्हणाले, "अप्पा." पोर म्हणाली, "अप्पा." महाराज म्हणाले, "अव्वा." पोर मंचाखाली उभ्या असलेल्या आईकडे बघत म्हणाली, "अव्वा." दर शब्दाला टाळ्या पडत होत्या. एवढी माणसं आपल्यासाठी हात वाजवताहेत हे बघून पोर खुदूखुदू हसत होती.

गर्दीच्या कडेला विजयमालाबाई उभ्या होत्या आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड होत होता. बहिऱ्या मुलांच्या शाळेत त्या शिकवायच्या. तोंडातला कोणता ध्वनी कुठून आणि कसा निघतो, याचं शास्त्र त्या पुण्याला शिकून आल्या होत्या. रुद्राणी त्यांचीच विद्यार्थिनी. आठवडाभर शाळेत दिसली नाही म्हणून त्या घरी गेल्या, तर शेजारणीनं मैदानाचा रस्ता दाखवला.

हे शब्द त्यांनी त्या पोरीच्या तोंडात दोन वर्षं खपून बसवले होते. ओठांसमोर कागदाची पट्टी धरायची. पट्टी उडाली की 'प' जमला. 'ब'साठी पोरीचा हात आपल्या गळ्यावर ठेवायचा, 'म'साठी नाकावर. एकेका ध्वनीपायी महिने गेले होते. घरी आई तेच पुन्हा घोटून घ्यायची. आणि हा माणूस राखेची चिमूट जिभेला लावून ते सगळं आपल्या नावावर करत होता! शब्दही कसे निवडलेले? अप्पा, अव्वा, बाबा. ओठांवर स्पष्ट दिसणारे. घशातून निघणारा 'काका' त्याला एकदाही सुचला नाही.

"कर्णद्वार उघडलं!" महाराज गरजले. "नादब्रह्म आत शिरलं! ही यंत्राची डबी म्हणजे कानाला ठोकलेलं कुलूप. आजच्या आज तळ्यात सोडा. शाळा बंद! पोरीला वर्षभर मौन. मधे कुणी बोलायला लावलं तर आलेली वाचा परत जाईल, मग मला दोष देऊ नका!"

वर्षभर! तोवर महाराज कुठल्या कुठे गेलेले असणार आणि पोर मिळवलेला शब्दन् शब्द विसरून पुन्हा मुकी झालेली असणार. बाई गर्दी रेटत मंचाशी पोचल्या. तिथं रुद्राणीचे वडील, कापडाचे व्यापारी नागप्पा, ती डबी हातात घेऊन निघायच्या तयारीतच होते.

"नागप्पा, ती डबी तळ्यात टाकायची नाही!"

"बाई, तुमीच बगा की! जरा बोलत होती, ते मला ठावं हाय. पण मागनं आवाज दिल्यावर कधी वळली व्हती का? आज वळली की!"

"बरं. मग पुन्हा वळू दे. पण इथं खाली, जमिनीवर."

बाईंनी पोरीला मंचावरून उतरवलं, महाराजांच्या हातातली घंटा जवळजवळ हिसकावलीच आणि तिच्या पाठीमागे खणखण वाजवली. रुद्राणी समोरच्या फुगेवाल्याकडे बघत राहिली.

"मंचाच्या फळ्या पोकळ आहेत," बाई म्हणाल्या. "घंटा वाजवताना महाराज टाच आपटतात. हादरा पोरीच्या पायाला कळतो."

गर्दीत कुजबुज सुरू झाली. महाराज तडकले, "नास्तिकाची सावली पडली! शक्ती निघून गेली!"

"गेली का? बघू या."

बाईंनी माईक आपल्या तोंडाशी धरला, रुद्राणीसमोर बसल्या आणि ओठ हलवले. कर्ण्यातून चकार शब्द आला नाही. पोर मात्र ठणठणीत आवाजात म्हणाली, "अव्वा!"

मागची माणसं टाचा उंचावून बघू लागली.

"ऐकलंत काही? मी आवाजच काढला नव्हता. तरी तिला 'ऐकू' आलं, कारण ती डोळ्यांनी ऐकते, माझे ओठ वाचते." बाईंनी पदर तोंडावर घेतला आणि माईकमधून मोठ्यांदा म्हटलं, "अव्वा!" कर्णे दणाणले. पोर नुसती बघत राहिली. "महाराज, आता तुम्ही. उपरणं तोंडावर धरा आणि तिच्याकडून एक शब्द म्हणवून घ्या."

महाराज उपरणं सारखं करत बसले.

मंचाखाली उभी असलेली रुद्राणीची आई, हेमावती, पुढं आली. "परवा ह्या महाराजांचा शिष्य आमच्या घरला आलता. पोरीला काय काय बोलाय येतं, इचारून गेला. म्याच सांगितलं, अप्पा म्हणती, अव्वा म्हणती, बाबा म्हणती." ती महाराजांकडे वळली. "दोन वर्सं पोरीचा हात गळ्याला लावून म्या शिकवलंय. तुमी काय केलंव? राख लावली! आन् वर तिला मुकी करा म्हणताव?"

नागप्पांनी मान खाली घातली आणि डबी बायकोच्या हातात दिली.

बाईंचा राग अजून उतरला नव्हता. मंचापुढं मुकी-बहिरी पोरं कडेवर घेऊन रांगेत उभ्या असलेल्या आयाबापांकडे त्या वळल्या.

"बहिरेपण हा कुणाचा शाप नाही, मागच्या जन्मीचं पापही नाही. कान अधू आहेत, एवढंच. थोडं ऐकू येत असेल तर यंत्र लावता येतं, बोलणं शिकवता येतं. वेळ लागतो, फार वेळ लागतो, आणि तो लहानपणीच द्यावा लागतो. तोच वेळ हा माणूस चोरतोय! पोरांचं डोकं शाबूत आहे. तुमचंही आहे. जरा विचार करा!"

रांग लगेच मोडली नाही. काहीजण बाईंकडेच रागानं बघत होते. पण मधूनच एक बाई पोराला खांद्यावर टाकून बाहेर पडली आणि तरातरा चालत विजयमालाबाईंपाशी आली.

"बाई, तुमची शाळा कुटं हाय?"