वकिलांची गाडी

"दत्ता? आपला दत्ता? इकोवाला?"

गुप्ते वकिलांनी चष्मा काढला आणि समोरचा समन्सचा कागद चटका बसल्यासारखा परत सरकवला.

"व्हय," शिल्पा म्हणाली. "माजा नवरा."

"मग नाही जमायचं, बाई."

पेणमध्ये सकाळपासून मिळालेला हा तिसरा नकार. पहिल्याने आपण फक्त जमिनीच्या केसेस घेतो म्हणून सांगितलं. दुसऱ्याला दत्ताचं नाव ऐकताच अचानक कुठे तरी जायचं आठवलं. गुप्ते निदान खरं तरी बोलले.

"अहो, रोज त्याच्याच गाडीने अलिबागला जातो आम्ही. सगळं ऐकलंय. मीच सल्ला दिलाय त्याला. आता तुमचं वकीलपत्र कुठल्या तोंडाने घेऊ?"

पेणमध्ये वकिलांना काही तोटा नाही. पण अलिबागच्या कोर्टात ज्यांचं काम असतं, ते बहुतेक सगळे दत्ताच्या इकोने जातात, आणि गाडीचं इंजिन बंद पडेल पण दत्ताचं तोंड बंद पडणार नाही. बायको रेल्वेच्या फाटकावर रात्रपाळ्या करते, घराकडे तिचं लक्ष नाही, पोरीचे हाल होतात, ही कहाणी त्या गाडीत इतक्यांदा झाली होती की वकीलमंडळींना ती तोंडपाठ होती. वडखळला दत्ताने रडगाणं सुरू करायचं, धरमतरच्या पुलावर कोणी तरी हळहळायचं, पोयनाडला कोणी तरी कलम सुचवायचं आणि कार्ले खिंड उतरेपर्यंत अर्जाचा मजकूर तयार. असा घटस्फोटाचा आणि मुलीच्या ताब्याचा अर्ज एकदाचा दाखल झाला. वकील वाईट नव्हते. ज्याला सल्ला दिला त्याच्याविरुद्ध उभं राहायचं नाही, हा त्यांच्या धंद्याचा नियमच. पण तारीख परवावर आली होती आणि शिल्पाच्या बाजूने बोलायला अख्ख्या गावात माणूस नव्हता.

गुप्ते तिच्यामागोमाग दारापर्यंत आले.

"रोह्याला टिपणीस मॅडम आहेत. त्या आमच्या गाडीने येत नाहीत." मग त्यांनी आवाज खाली आणला. "आणि एक. मी बोललो म्हणून सांगू नका. अर्जात लिहिलेल्या त्या रात्री तुमची आई घरात होती असं सांगा. नाही तर मुलगी हातची जाईल."

पायरीवर तिची आई भागी बसली होती. "काय बोलला गो?"

"रोह्याला जायचं," शिल्पा म्हणाली आणि चालू लागली.

रोह्याची गाडी मिळाली. निडी गाव मागे पडलं. मग भागी पुटपुटायला लागली.

"मी सांगन. मी व्हते घरात. पोरीला भात भरवला, मंग निजवली."

 आई ते वाक्य घोकत होती आणि प्रत्येक वेळी भातासोबत दुसरं काही तरी भरवत होती.

खरं काय झालं ते दोघींनाही ठाऊक होतं. नोकरी सोड, नाही तर मी घर सोडतो, असं म्हणत दत्ता भावाकडे राहायला गेला, त्याला बरेच दिवस झाले होते. शिल्पाच्या रात्रपाळीला भागी वाडीवरून यायची आणि पोरीला, करिश्माला, सांभाळायची. त्या रात्री भागीची एसटी चुकली. शिल्पाने वाट पाहिली, पाळीची वेळ झाली, मग झोपलेल्या पोरीच्या अंगावर गोधडी सारखी केली, बाहेरून कुलूप लावलं आणि ती जिते स्टेशनच्या पुढच्या फाटकावर गेली. पोर जागी झाली. रडू लागली. शेजाऱ्यांनी दत्ताला फोन केला, त्याने येऊन कुलूप तोडलं. सहा वर्षांची ती मुलगी सकाळपर्यंत बापाच्या गळ्यातून हात काढायला तयार नव्हती. दत्ताचा सगळा अर्ज त्या एका कुलपावर उभा होता.

लतिका टिपणीस यांचं ऑफिस बाजारपेठेत एका शिंप्याच्या दुकानावर होतं. खालून शिलाई मशीनचा खडखडाट येत होता. बाई पन्नाशीच्या पुढच्या, केस आखूड, बोलणं त्याहून आखूड. त्यांनी अर्ज पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. तेवढ्या वेळात शिल्पाने पदराच्या टोकाचा पिळा करून टाकला.

"मी त्याच्या गाडीत कधी बसले नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून आलात ना?"

"व्हय."

"निदान खोटं स्तुतिस्तोत्र तरी गायलं नाहीत. बरं. हे कुलपाचं काय?"

शिल्पाने तोंड उघडायच्या आत भागी पुढे सरकली. "खोटा हाय त्यो. मी व्हते घरात."

"बरं. मुलगी काय जेवली त्या रात्री?"

"भात. भात नि... सुकट."

"दत्ता कुलूप तोडून आत आला तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

भागी शिल्पाकडे वळली. एवढ्या तयारीत कुलपापलीकडचा विचार तिने केलाच नव्हता. 

"आय, ऱ्हाव दे," शिल्पा म्हणाली.  हे आता तोंडातून गेलं की पोर गेली, असंच तिला वाटत होतं. "नव्हती ती घरात. कोन नव्हतं. मी कुलूप लावून गेले."

खालचं मशीन थांबलं होतं. टिपणीसबाईंनी पेनाचं टोपण काढलं.

"रजा नाही टाकलीत?"

"ऐनवेळी कशी टाकनार? माज्या आदी जो व्हता त्याची पाळी संपलेली. वाटलं, ती निजलीय, उठायची नाय. सकाळी उठायच्या आत मी येतेच." तिने नाक ओढलं. "चुकलं माजं. पन मी वाईट आय नाय, मॅडम."

"ते मला ठरवायचं नाही. हे बघा, तिथं सगळी आळी गोळा झालेली होती. तुमच्या आईला त्या रात्री घरात उभं करायचं तर एवढ्या माणसांना आंधळं करावं लागेल. तिची उलटतपासणी कोणीही हाताच्या करंगळीने करील. एक खोटं सापडलं की तुमचं खरंही कोणी धरत नाही."

"मंग खरं सांगितल्यावर पोर माज्याकडं ऱ्हाईल?"

"तसं मी कबूल करत नाही. जो वकील कबूल करेल त्याच्याकडे जाऊ नका."

शिल्पाला त्या क्षणी बाईंचा रागच आला. सकाळपासून वणवण करून शेवटी मिळाली ती ही, धीराचा एक शब्द न देणारी. पण बाईंनी वकीलपत्र काढून तिच्यापुढे ठेवलं, सहीची जागा बोटाने दाखवली आणि खिडकीतून खाली ओरडून तीन चहा मागवले. शिल्पाने सही केली. नाव जरा वाकडं आलं.

अलिबागच्या कोर्टाच्या व्हरांड्यात दत्ता आधीच आला होता. येणारच, गाडी त्याचीच. भोवती त्याच्या गाडीतली वकीलमंडळी काळे कोट सारखे करत उभी. गुप्तेंनी शिल्पाला पाहिलं आणि स्वतःच्या बुटांकडे बघायला सुरुवात केली. दत्ताने मात्र नजर चुकवली नाही. दाढी वाढली होती त्याची.

"आय आली तुजी साक्षीला?" तो जवळ येऊन म्हणाला.

"नाय. ती साक्ष देनार नाय."

 भांडणाची सगळी तयारी करून आलेल्या माणसाला समोरचा भांडलाच नाही तर होतं, तसं त्याचं झालं.

आत न्यायाधीशांनी दोन्हीकडचं ऐकून घेतलं. दत्ताच्या वकिलाने कुलूप असं काही रंगवलं की बाकावर बसलेल्या अनोळखी बायाही शिल्पाकडे वळून बघू लागल्या.  मग साहेबांनी तिलाच पुढे बोलावलं.

"मुलीला कोंडून गेला होतात?"

गुप्ते तिच्याकडे बघत होते. अजूनही वेळ गेली नाही, असं त्यांचे डोळे सांगत होते.

"व्हय साहेब. गेले व्हते."

"फाटक सोडून परत यावंसं वाटलं नाही?"

"रातभर वाटत व्हतं. पन फाटक उघडं टाकून कशी येनार? रस्त्यावरनं येनाऱ्या गाड्यांत बी कुनाची पोरं असतात." ती थांबली. "आता पोर बोललीय, मला एकटीला ठेवू नको, तर मी नाय ठेवनार. पुन्ना कदी नाय."

न्यायाधीशांनी मान वर न करता दत्ताला विचारलं, "बायकोची रात्रपाळी आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय."

"मग त्या रात्री मुलगी तुमच्याकडे का नव्हती?"

दत्ताने वकिलांच्या बाकाकडे पाहिलं. त्याच्या गाडीत बसणाऱ्या एकानेही हा प्रश्न त्याला कधी विचारला नव्हता.

हुकूम झाला तो तात्पुरता. पुढच्या तारखेपर्यंत मुलगी आईकडे. रात्रपाळीला आजीने घरात राहायचं, त्यात खंड पडला तर फेरविचार. आणि दर शनिवारी सकाळपासून रविवार संध्याकाळपर्यंत मुलगी वडिलांकडे.

"जिंकलो आपण आज," बाहेर आल्यावर टिपणीसबाई म्हणाल्या. हा त्यांचा पहिला गोड शब्द. "पुढचं पुढे बघू."

शिल्पाने हात जोडले. पण तिला हुकमातला शनिवारच तेवढा ऐकू आला होता.

त्या शनिवारी तिची दिवसपाळी होती. घरी बसून पोरीला निरोप देता येणार नव्हता, म्हणून दत्ता मुलीला फाटकावरच घ्यायला आला. करिश्मा नवा फ्रॉक घालून सकाळपासून गुमटीच्या, म्हणजे फाटकावरच्या खोलीच्या, दारात उभी होती आणि गाडी दिसताच उड्या मारायला लागली. शिल्पाने तिची वेणी पुन्हा घातली, ती सुटलेली नसताना.

"कार्टून लावून तिला मोबाईल देऊ नको. रातची खोकते," ती म्हणाली.

"म्हायती हाय," दत्ता म्हणाला. मग थोड्या वेळाने, "उद्या सांच्याला आनून सोडतो."

पोर पुढच्या सीटवर चढली. दत्ताने गाडी सुरू केली, आणि तेवढ्यात गुमटीतला फोन वाजला. स्टेशनवरून मालगाडी सुटली होती. शिल्पाने हँडल फिरवून फाटक पाडलं. इको अलीकडेच अडकली. एरवी फाटक पडलं की शिव्या घालणारा दत्ता आज स्टिअरिंगवर हात ठेवून नुसता बसला होता.

ती हिरवा झेंडा घेऊन रुळांकडे तोंड करून उभी राहिली. रेल्वे येताना मागे वळून बघायचं नसतं. मागून करिश्मा "आई, आई" म्हणून हाका मारत होती, नुसत्या गमतीने. मालगाडी लांबलचक होती. शिल्पाला तीही कमी पडली; ती संपली की पोर निघणार होती. शेवटचा डबा गेला, धूळ बसली, पलीकडच्या मोटरसायकली हॉर्न मारू लागल्या.

तिने हँडल धरलं आणि फिरवायला घेतलं. लोखंडी दांडा हळूहळू वर गेला. दत्ताने गाडी पुढे घेतली, आणि रुळांपाशी आल्यावर वेग अगदी कमी केला. पोरीला हिसका बसू नये म्हणून त्याने डावा हात तिच्यापुढे आडवा धरला होता, अगदी रूळ ओलांडून होईपर्यंत.

शिल्पाला ते दिसलं. दिसलं नसतं तर बरं झालं असतं, त्याच्यावर रागावणं सोपं गेलं असतं, असं तिला वाटलं. पलीकडून मोटरसायकली सुटल्या. त्यांना वाट देण्यासाठी ती बाजूला झाली.