घुमट कापलेली बॅटरी

मोर्शीजवळच्या केशवरावांच्या संत्र्याच्या बागेत, पार धुऱ्याकडे, शेताच्या बांधाशी, रोज दिवेलागणीला कोणीतरी खोकत होतं. आवाज माणसासारखा, पण माणसाला असा खोकला असता तर त्याला एव्हाना अमरावतीला भरती केलं असतं.

केशवराव म्हणाले, बिबट्या. तोडणीच्या बाया आणणाऱ्या शकुनबाईंनी ते ऐकलं आणि टोपली पालथी घालून तिच्यावरच बसल्या. "केशवभाऊ, खोकते कोन ते आंधी दाखवा. मंगच त्या ओळीत बाया घालीन."

व्यापाऱ्याची गाडी उद्या येणार होती आणि धुऱ्याकडची संत्री गळायला लागली होती. जवळ जाऊन पाहावं, असं प्रत्येकाने दुसऱ्याला सुचवलं.

केशवरावांच्या कुंदनला मात्र खरंच जाणून घ्यायचं होतं. बिबट्याला खोकला होतो? आणि झालाच, तर तो रोज वेळेवर का होतो? पण अकोल्याच्या जठारपेठेतून आणलेली बॅटरी विहिरीपर्यंतच पोचायची. पुढे उजेड नुसता पांगायचा. त्याने मोबाईलवर पाहिलं होतं की आतल्या एलईडीवर सिलिकॉनचा इवलासा पारदर्शक घुमट असतो. तो कापून सपाट केला, की एकूण उजेड थोडा घटतो, पण झोत बारीक होऊन लांब जातो. चाकू खोल गेला, तर आतली केसासारखी तार तुटते आणि बॅटरी कायमची गप्प.

कुंदनचा हात कलमाचा. जंबेरी लिंबाच्या रोपावर संत्र्याचा डोळा, म्हणजे फुटायचा कोंब, बांधायचा, तर तोही फांदीवरून असाच पातळ काढावा लागतो. दुपारी त्याने एलईडी सोडवला, कलमाचा चाकू आडवा धरला आणि श्वास रोखला. घुमट अलगद निघाला. तार शाबूत! मग हाताच्या सवयीने त्याने कापलेला तुकडा ओल्या फडक्यात जपून गुंडाळला आणि उरलेला एलईडी डोळे काढलेल्या काड्यांच्या ढिगात फेकून दिला.

बहीण रूपाली बघत होती. "दादा, आता हे कोन्त्या झाडावर बांधून राहिला तू?"

कुंदनने फडक्याकडे पाहिलं. "बोलू नको. शोध."

ढीग उपसला, एलईडी सापडला, तारा पुन्हा जोडल्या. अंगणात उजेड पडला तो हळदीसारखा पिवळसर आणि ताटलीएवढा.

"याच्यात तं माही एकच चप्पल दिसते," केशवराव म्हणाले.

"चपलेसाठी नाही केली, बाबा."

दिवेलागणीला सगळे ओट्यावर जमले. खोकला आला. कुंदनने कळ दाबली. झोत विहिरीवरून गेला, गेला, आणि थेट धुऱ्यावर जाऊन पडला.

तिथे घोड्याएवढा एक रोही, म्हणजे नीलगाईचा नर, उभा होता. तोंडात अख्खं संत्रं, सालासकट. तो खोकला, संत्रं बाहेर पडलं, त्याने ते पुन्हा उचललं.

"सोलून खाय ना रे!" रूपाली ओरडली.

झोत झाडांवर सरकला. रोह्याची मान पोचेल तिथवर एक संत्रं नव्हतं. वर मात्र झाडं लगडलेली. जणू साऱ्या ओळीने नुसते सदरेच घातले होते.

शकुनबाई उठल्या. "सकाळी येतो आमी. शिड्या द्या फक्त."

केशवरावांचा जीव भांड्यात पडला, पण क्षणभरच. "कुंद्या, बंद कर ते! त्याले संत्रे दिसून राह्यले!"

"थांबा बाबा," कुंदन झोत न हलवता म्हणाला, "एक तं गिळू द्या त्याले."