चकापासून हातभर दूर

मित्रांनो, तुमच्याशी बोलतोय तो लोखंडाला गोल आकार देणारा एक जुना लेथ. चक नावाचा माझा पोलादी पंजा लोखंडाचा तुकडा घट्ट धरून गरगर फिरवतो आणि समोरचं धारदार टूल त्याची साल काढत जातं. पंजात लोखंड सापडलंय की आणखी काही, ते मात्र मला कळत नाही.

माझी उमेदीची वर्षं एका मोठ्या कारखान्यात गेली. रोज तेलपाणी व्हायचं, कौतुक व्हायचं. मग कारखान्याला टाळं लागलं आणि मी गंज खात पडलो. तिथून मला आत्यानं उचललं. आत्या म्हणजे या छोट्या वर्कशॉपची मालकीण. तिनं गंज घासून काढला, मला पुन्हा चालू केलं. पण चकावरचं झाकण कुठंतरी हरवलं होतं आणि ब्रेक पार झिजला होता. "बसवू सवडीनं," ती म्हणायची. सवड काही झाली नाही.

मग तिची भाची आली. बारावीला चांगले गुण होते, घरच्यांनी कॉलेजही ठरवलं होतं. पोरगी म्हणाली, "मला आत्याचं काम शिकायचंय." केस घट्ट बांधून, बाह्या कोपरापर्यंत दुमडून ती कानस चालवायला शिकली, माप घ्यायला शिकली. मग तिचा हात माझ्यावर बसला. इतका हलका हात मी फार दिवसांत पाहिला नव्हता.

एका दुपारी आत्या लोखंड आणायला गेली होती. तेवढ्यात भाचीचा दादा थेट कॉलेजातून आला. गळ्यात रुंद फितीला ओळखपत्र लोंबत होतं.

"बाबा घरात कुणाशी बोलत नाहीत," तो म्हणाला. "चल ना परत. अजून प्रवेश मिळेल."

"आधी मी काय करते ते तर बघ!" तिनं मला चालू केलं. "अरे, जवळ ये. आरशासारखं निघतंय बघ!"

तो वाकला. त्याच्याबरोबर फीतही वाकली आणि चकाला लागली.

तिनं त्याच क्षणी लाल बटण दाबलं. पण ब्रेक झिजलेला. वीज बंद झाली तरी मी फिरतच राहिलो आणि फीत गुंडाळत गेलो. त्याचा गाल आधी हातभर दूर होता, मग वीतभर, मग बोटभर. ओरडायलाही त्याला श्वास उरला नव्हता.

फितीची प्लास्टिकची कडी तुटली. तेवढ्यावर निभावलं.

आत्या परतली तेव्हा दोघं जमिनीवर बसली होती. दादाच्या मानेवर लालभडक वळ उठला होता.

"मीच जवळ बोलावलं त्याला," भाची कशीबशी म्हणाली.

आत्यानं उघड्या चकाकडे पाहिलं. "आणि हे असं मी ठेवलं."

माझ्यावर ताडपत्री पडली. आत्यानं नवं झाकण बसवलं, ब्रेक बदलला, पण बरेच दिवस मला कुणी चालू केलं नाही. मग एका सकाळी भाची आली. मागोमाग तिचे बाबाही आले आणि दाराजवळच्या स्टुलावर बसले. तिनं बटणावर बोट ठेवलं.

"हात थरथरतोय तुझा," आत्या म्हणाली.

"हो. राहू दे का आज?"

"नको. कर चालू. थरथरायचा पूर्ण थांबला की मात्र मला सांग."

"मग काय करशील?" बाबांनी विचारलं.

"मग घरी पाठवीन तिला. भीती पार गेलेलं माणूस यंत्राजवळ नको."

मित्रांनो, कॉलेजात जा नाहीतर माझ्यासारख्याजवळ उभं राहून हुन्नर शिका, दोन्ही चांगलंच. पण यंत्राची डागडुजी सवडीवर टाकू नका, आणि माझ्याजवळ येताना अंगावर लोंबतं काही ठेवू नका. कारण त्या दिवशी माझ्या पंजाला काही वेगळं जाणवलं नव्हतं.

बाबा अजून रोज येतात. भाची त्यांना चहा देते आणि मला चालू करते. माझी घरघर थांबेपर्यंत तो कप त्यांच्या हातात तसाच गार होतो.