चौथा नट

अहेरीचे लाकूड-ठेकेदार गुणवंतराव यांच्याकडे एक जुनी विलायती उघडी मोटार होती, आणि तिची नस फक्त त्यांच्या मिस्त्रीला, इस्तारीला, सापडली होती. चारही चाकांपाशी एकेक शॉकअप, आणि प्रत्येकाला एक नट. नट आवळला की गाडी सपाट रस्त्याला चिकटून पळायची. ढिला केला की जंगलवाटेचे खड्डे गिळायची. मडगार्ड दाबून सोडायचं, गाडी किती डोलते ते पाहायचं आणि पाना फिरवायचा, एवढंच त्याचं मोजमाप.

छप्पन साली, चैतात, चांद्याबाहेरच्या मुरमाच्या मैदानावर हौशी मोटारवाल्यांची शर्यत लागली.

"अजून आवळ," गुणवंतराव म्हणाले.

"बस झालं मालक, आटे जातीन."

"मी सांगून राह्यलो ना तुले!"

इस्तारीनं मागच्या डाव्या नटावर पान्याला पाइप लावून जोर केला. गाडी पहिली आली.

ते अहेरीला परतले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी इस्तारीची बायको गिरजा चारोळीच्या झाडावरून पडली. डॉक्टरनं तिच्या तळव्याला टाचणी टोचली. अंगठा हलला.

"मणका दुखावला आहे, पण पाय अजून जिवंत आहेत. चांद्याच्या मोठ्या दवाखान्यात न्या. धक्का मात्र बसू देऊ नका."

गुणवंतरावांनी लगेच गाडी दिली. इस्तारीनं तीन नट ढिले केले. मागचा डावा हलेना. घासलेट ओतलं, हातोडी मारली, पाना निसटून बोटं फुटली. नट जागचा हलला नाही. त्यानं करवत उचलली.

"शॉकअपची दांडी कापतो, मालक. चाक मोकळं होईन."

"कापतो? हा पार्ट हिंदुस्थानात भेटते का? गाडी देऊन राह्यलो, थे पुरे नाई का?"

इस्तारीनं करवत खाली ठेवली. मालकानं गाडीच नाही दिली तर? "हळू नेतो," तो म्हणाला.

मागची बैठक काढून फळीवर गादी टाकली होती. बैलगाडीच्या चालीनं तो निघाला. तरी डावं चाक खड्ड्यात गेलं की गिरजा ओठ चावायची. थोड्या थोड्या वेळानं थांबून तो तिचा पाय धरायचा. "हलव." अंगठा हलायचा, मग तो पुढे निघायचा.

वाटेत कोरडा नाला होता. डावं चाक गोट्यावर चढलं आणि खाली आपटलं. गिरजा एकदाच ओरडली.

पैलतीरावर ती म्हणाली, "आता दुखत नाई जी. बरं वाटून राह्यलं."

त्याला हायसं वाटलं. त्यानं तिचा अंगठा धरला. "हलव."

"हलवून राह्यले ना."

अंगठा हलला नव्हता.

पावसाळ्याच्या तोंडाशी मुंबईहून नवा शॉकअप आला. "काप थे जुनं," गुणवंतराव म्हणाले. इस्तारीनं दांडी कापली. ती तुटली तेव्हा ओठातली बिडी अर्धीही जळली नव्हती.

त्या संध्याकाळी शेजारची कलाबाई गिरजेपाशी बसली होती. गिरजा खाटेवरून सांगत होती, "नशीब माझं, बाई. यायनं तर मले फुलावानी नेलं."

इस्तारी दारात उभा होता. हातातली करवत आपण खाली ठेवली होती, ते सांगायला त्यानं तोंड उघडलं. गिरजेनं त्याच्याकडे पाहिलं, ती हसली, आणि त्यानं तोंड मिटलं. पुढं जन्मभर त्याला ते सांगता आलं नाही.