बोटीवरचं सोवळं

बोटीवर संध्याकाळच्या जेवणाला काय घालायचं, हा प्रश्न आमच्या नौपाड्याच्या घरात एका पत्रातून आला. पत्र मोघ्यांचं. ते यांचे कॉलेजातले स्नेही, वर्षापूर्वी एडिंबरोला गेलेले. हेही आता डॉक्टरीची वरची परीक्षा द्यायला त्याच वाटेनं निघाले होते, तीन वर्षांसाठी. दसऱ्यानंतरच्या शनिवारी बोट होती. माझा आनंद तेव्हा दहा महिन्यांचा होता आणि त्याला दात येत होते.

मोघ्यांनी लिहिलं होतं की बोटीवर दिवेलागणीला एक घंटा होते. ती जेवणाची नव्हे, कपडे बदलण्याची. घंटा झाली की सगळे आपापल्या खोल्यांत जातात, अंगावरचं उतरवतात, हात-तोंड धुतात आणि रात्रीच्या जेवणाचे म्हणून जे वेगळे कपडे असतात ते चढवून बाहेर येतात. पुरुषांना काळ्या बनातीचा, मागे दोन शेपट्या सोडलेला कोट, खळ घालून पुठ्ठ्यासारखा केलेला सदरा आणि गळ्याशी पांढरी फीत. दिवसाच्या कोटात कोणी आलं तर त्याला हाकलत नाहीत, पण त्याच्या शेजारच्या खुर्च्या रिकाम्या राहतात. मोघ्यांना हे आधी कोणी सांगितलं नव्हतं. दोन रात्री ते तसे बसले. मग पोट बिघडल्याचं निमित्त काढून उरलेले अठरा दिवस आपल्या खोलीतच जेवले. शेवटी लिहिलं होतं, ‘एकट्यानं जेवणं फार वाईट. प्रभाकरपंतांनी कोट विसरू नये.’

मी ते वाक्य दोनदा वाचलं, कारण एकट्यानं जेवण्याचीच गोष्ट आमच्या घरात दोन महिने चालली होती.

माझ्या सासूबाई, ज्यांना आम्ही सगळे माई म्हणतो, त्या नारळीपौर्णिमेपासून यांच्याशी बोलत नव्हत्या. त्या दिवशी यांनी सांगितलं की बोटीची जागा पक्की झाली. माई नारळीभात वाढत होत्या. त्यांनी इतकंच विचारलं की परत आल्यावर मी तुला पंगतीत कशी घेऊ? खालच्या आळीतल्या एका घरचा मुलगा विलायतेहून आला, त्याला प्रायश्चित्त दिलं, तरी त्याचं पान आज सात वर्षं ओसरीवरच मांडतात, हे माईंनी डोळ्यांनी पाहिलेलं. हे मान खाली घालून जेवत राहिले. भात संपला आणि बोलणंही.

भांडण असतं तर बरं होतं. माई यांचं सगळं करायच्या. पाणी तापवायच्या, ताटाला रांगोळी घालायच्या. बोलायचं झालं तर माझ्या कडेवरच्या आनंदाशी बोलायच्या.

“आनंदा, तुझ्या बापाला सांग, पान वाढलंय.”

हेही मग आनंदालाच सांगायचे की आजीला म्हणावं, आलोच. तो बिचारा दोघांकडे बघून लाळ गाळायचा. बायजा, आमची भांडी घासायला कोलशेताहून यायची, ती हसून म्हणायची, या घरात कारभारी एकच, त्याला बोलता तेवढं येत नाही.

मला मात्र हसू येत नसे. मी पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात दोन वर्षं शिकले, तिथे आम्हांला मुलांचा स्वभाव कसा ओळखावा हेसुद्धा शिकवलं. पण आनंद झाल्यापासून मला शिकलेलं काही पुरत नव्हतं. तो जरा जास्त वेळ निजला तर मी त्याच्या नाकाशी बोट धरून बघे. माईंकडे बघताना मला वाटे, त्यांनीही कधीतरी असंच बोट धरलं असेल. आणि आता तोच मुलगा तीन वर्षांसाठी जाणार, आणि जाताना आईच्या तोंडचा एक शब्द बरोबर नेणार नाही.

म्हणून मी एक युक्ती केली. माई दुपारी माजघरात तांदूळ निवडत होत्या. मी आनंदाला पुढ्यात घेऊन त्याला वाचून दाखवतेय असं दाखवत मोघ्यांचं पत्र मोठ्यानं वाचलं. कपडे बदलण्याच्या घंटेपाशी माईंचा हात सुपात थांबला.

त्यांनी विचारलं, सगळे बदलतात? मी म्हटलं, सगळे. सकाळचं वस्त्र जेवताना चालत नाही? नाही चालत. ते वस्त्र मग दिवसभर कोणी घालत नाही? मी म्हटलं, नाही, ते वेगळं काढून ठेवलेलं असतं, फक्त जेवणाचं.

माईंनी सूप खाली ठेवलं. मग त्यांनी हळूच विचारलं, “म्हणजे त्यांच्यातही सोवळं आहे?”

इथे मी खरं सांगायला हवं होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर दोन महिन्यांनी काहीतरी हललं होतं आणि मला ते विझू द्यायचं नव्हतं. मी म्हटलं, तसंच म्हणायचं, माई.

त्यांनी पुढे विचारलं की अंघोळ करतात का. मी म्हटलं, करत असतील.

कोट सहदेव शिंप्यानं शिवला. ठाण्याच्या बाजारात त्याचं दुकान. साहेब लोकांचे कपडे उसवून नीट करण्यात त्याचा हात बसलेला. तसा पुरा कोट त्याच्याही हातून पहिलाच. बुधवारी संध्याकाळी त्यानं तो आणून दिला आणि यांच्या अंगावर घालून बघितला. पुढून तोकडा, मागून लांब, आणि हे त्यात असे ताठ उभे की आनंद माझ्या खांद्यात तोंड लपवून रडायला लागला. पण बसला होता झकास. सहदेव म्हणाला, आता बोटीवरचे साहेब विचारतील, शिंपी कोण.

मी कोट ओटीवरच्या खुंटीला अडकवला. माई हात न लावता जवळ येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या लाल आलवणाचा पदर त्यांनी आवरून धरला होता. कशाचा आहे, म्हणून विचारलं. मी म्हटलं, बनातीचा. “बनात म्हणजे लोकरच,” त्या म्हणाल्या आणि मान हलवली. लोकर आणि रेशीम यांना विटाळ नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. मग त्यांनी वाकून कोटाच्या आत बघितलं. आत अस्तर मांजरपाटाचं होतं. सुती.

मी आनंदाला दूध पाजायला आत गेले आणि ते विसरले.

गुरुवारी सकाळी खुंटी रिकामी होती.

मागल्या दारी बायजा राख घेऊन बसली होती. तिनं मला बघितलं आणि हनुवटीनं वर दाखवलं. मागल्या पडवीत, छताजवळ, जिथे माईंचं सोवळ्याचं वाळत घालतात त्या उंच वलणीवर कोट लटकत होता. दोन्ही बाह्या पसरलेल्या, शेपट्यांमधून काळसर पाणी ठिबकत होतं. खाली भिंतीला सोवळ्याची काठी टेकलेली. साठीच्या बाईनं तो ओला, जड कोट काठीवर घेऊन एकटीनं वर चढवला होता.

“तुजे सासूनं पाटंच भिजवला त्यो,” बायजा म्हणाली. “माना हात पन नाय लावू दिला.”

सुती वस्त्र सोवळ्यात घ्यायचं तर ते धुऊन, कोणाची शिवाशिव होणार नाही असं उंच वाळवावं लागतं. माईंनी कोटाचं तेच केलं होतं. आणि मला दिसत होतं की बनात आक्रसायला लागली आहे, अस्तर मात्र तसंच आहे, त्यामुळे ते कडेखालून जिभेसारखं बाहेर येतंय. परवा बोट. कोट माईंनी भिजवला होता, पण पाण्यात मी घातला होता.

हे कोर्टाकडच्या ओळखीच्या लोकांचा निरोप घेऊन अकराला घरी आले. मी त्यांना ओटीवरच गाठलं आणि पत्राच्या वाचनापासून सगळं सांगितलं. म्हटलं, “इकडून माईंवर रागवू नये. चूक माझी आहे.”

हे मागल्या पडवीत गेले आणि वर बघत उभे राहिले. माई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आल्या. त्यांचा चेहरा इतका मोकळा मी त्या पावसाळ्यात पाहिला नव्हता.

“आनंदा, तुझ्या बापाला सांग,” त्या म्हणाल्या, “कोट सोवळ्याचा झालाय. रात्रीचं जेवण झालं की उंच टांगायचा. कोणाला शिवू द्यायचा नाही. रोज सोवळ्यात जेवलेल्या माणसाला पंगतीबाहेर कोण बसवतं, ते मी बघते.”

हे काय बोलतील याची मला धास्ती होती. ते खाली बघत आनंदाला म्हणाले, आजीला सांग, तसंच करीन. आणि पुढच्या खोलीत निघून गेले. मी मागे गेले तर पाठमोरे खिडकीशी उभे होते. म्हणाले, दिवसाचा कोट आहे, मी खोलीत जेवेन. मोघे जगलाच की. तिला काही सांगू नकोस.

तिसऱ्या प्रहरी कोट वाळला. मी तांब्यात निखारे घालून तो दाबून बघितला, पण लोकर काही केल्या सैल होईना. माई दोनदा डोकावून गेल्या. त्यांना तो अंगावर बघायचा होता. शेवटी यांनी माझ्या हातून घेतला आणि ओढून-ताणून चढवला.

बाह्या मनगटाच्या वर चार बोटं. पाठीवर काखेपासून काखेपर्यंत चुण्या. पुढचं बटण कुठल्याही काजाच्या जवळ जाईना. हे तसेच माजघरात जाऊन माईंपुढे उभे राहिले, हात जरा मागे लपवून. आनंद या वेळी रडला नाही, टाळ्या वाजवायला लागला.

“झकास बसलाय,” हे आनंदाकडे बघून म्हणाले. “आजीला सांग.”

माई बघत राहिल्या. या घरातली बाळाची अंगडी-टोपडी, यांची तान्हेपणची कुंची, सगळं त्यांनी स्वतःच्या हातानं शिवलेलं. त्यांच्यापासून शिवणातलं काय लपणार? त्यांची नजर बाहीवर गेली, मग कडेखालच्या अस्तरावर, मग यांच्या तोंडावर. मला वाटलं, आता त्या परत गप्प होतील आणि या खेपेला कायमच्या.

“खोटं बोलू नकोस, बाळ,” त्या म्हणाल्या. “हात वर कर बघू.”

यांनी हात वर केले. माई सोवळ्यात होत्या, देवाचा संध्याकाळचा नैवेद्य अजून व्हायचा होता. त्या तशाच पुढे आल्या आणि यांच्या काखेतली शिवण चिमटीत धरून बघू लागल्या. मग पाठ चाचपली, खांदा चाचपला. शिवणीचं बघून झालं तरी हात तिथेच राहिला. “किती वाळलास,” म्हणाल्या. हे हात वर धरून तसेच उभे, आणि डोळ्यांतून पाणी येतंय ते पुसायला हात खाली घेईनात. मी आनंदाला घेऊन ओटीवर आले.

थोड्या वेळानं आतून माईंची हाक आली की सहदेवाला बोलाव.

सहदेवानं कोट उलटा-सुलटा केला, कपाळाला हात लावला आणि म्हणाला की पाठीला व काखेला जोड दिल्याशिवाय उपाय नाही. पण तसली बनात आज मुंबईहून यायची नाही. काळं दुसरं काही भारी असेल तर बघा. साहेबांच्या कोटांना गळपट्टीवर रेशीम लावलेलं त्यानं पाहिलं होतं. रेशमाचा जोड शोभेल.

मला माझ्या पहिल्या संक्रांतीची चंद्रकळा आठवली. काळी, रेशमी, माईंनीच हौसेनं घेतलेली. मी पेटी उघडली आणि ती आणून त्यांच्या पुढ्यात ठेवली. माई म्हणाल्या, अगं, ही सवाष्णीची, कापायची कशी? मी म्हटलं, आपण घेतलेली, आपणच कापावी. यांच्याबरोबर माझंही काहीतरी जाऊ दे.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “सुती अस्तर सगळं काढून टाकू. आतही रेशीमच घालू. लोकर आणि रेशीम. परत धुवायला नको.” आणि सहदेवाच्याही आधी त्यांनीच सुई ओवली.

शुक्रवारचा सगळा दिवस ओटीवर शिवण चाललं. सहदेवानं पाठ आणि गळपट्टी केली, माईंनी बाह्यांना टोकाशी चार बोटं रेशीम जोडलं. टाके इतके बारीक की सहदेव म्हणाला, माई, तुम्ही दुकान घातलं तर मला गाव सोडावं लागेल. मधूनमधून त्या यांना हाक मारून बोलवत आणि माप बघत. मला वाटतं, मापाची गरज इतक्या वेळा नव्हती. मी त्यांना पत्रातलं खरं सांगितलं, की ते सोवळं नव्हे, तो त्यांचा थाट आहे. त्या दोरा दातानं तोडत म्हणाल्या, “मला कळत नाही का? पण तू सांगितलंस तेव्हा मला ते हवं होतं.”

शनिवारी सकाळी त्यांनी यांच्या तळहातावर दही घातलं आणि स्वतः म्हणाल्या, ये लवकर. आनंद माझ्या कडेवर होता, पण त्याला त्या दिवशी कोणी निरोप सांगितला नाही.

एडनहून पत्र आलं ते दिवाळीनंतर. मी माजघरात वाचून दाखवलं. बोट लागली होती, आता ठीक आहे. बटाटे, भात, पाव मिळतो. पहिल्याच रात्री काळा कोट घालून गेलो, कोणी खुर्ची सरकवली नाही. एका म्हाताऱ्या मडमेनं बाहीवरचं रेशीम बोटानं चाचपून विचारलं, हे कुठलं काम? मी म्हटलं, आमच्या घरचं.

माईंनी मला थांबवलं. “शेजारी कोण बसतं, ते लिहिलंय का?”

लिहिलं होतं. एका बाजूला ती मडम, दुसऱ्या बाजूला कलकत्त्याचा एक वकील. माईंनी दोघांची नावं परत म्हणायला लावली. मग पुढचं वाच म्हणाल्या.

पुढे एवढंच होतं, की कोट रोज उंच खुंटीला टांगतो. बोटीवरचा नोकर तो हातानं काढून द्यायला बघतो, त्याला शिवू देत नाही, तो मला वेडा समजतो.

माईंनी आनंदाला माझ्याकडून घेतलं. तो आता धरून उभा राहत होता. त्याच्या दोन्ही काखांत हात घालून त्या त्याला उभा करत राहिल्या आणि तो पुनःपुन्हा बसत राहिला. मी पत्र परत पहिल्यापासून वाचायला घेतलं, कारण त्यांनी मागितलं नव्हतं तरी त्यांना ते हवं होतं.