कुन्या गावची गं पोरी?

दुपारचे तास नसले की सुकेशनी आणि तिची मैत्रीण निकिता विद्यापीठातून निघून परभणी पालथी घालायच्या. पेडगावच्या सुकेशनीला हे शहर लय मोठं वाटायचं. त्या दिवशी उसाचा रस पिताना शेजारच्या पांढऱ्या सदऱ्यातल्या माणसानं मोठ्या मायेनं विचारलं, "कुन्या गावची गं पोरी?"

गावाकडं असं विचारल्यावर गप्प बसणं म्हणजे उर्मटपणा. सुकेशनीनं गाव सांगितलं, इथं विद्यापीठात शिकते हे सांगितलं, वडलांचं नाव सांगितलं, विहारामागचं घर सांगितलं, अन् धाकटी बहीण बबिता दहावीला आहे, हेही सांगून टाकलं.

"एवढं सांगायची काय गरज होती?" निकितानं तिला चिमटा काढला.

त्या निघाल्या तसा तो माणूसही निघाला. त्या बांगड्यांच्या दुकानात शिरल्या, तो बाहेर उभा. गल्ली बदलली, तरी मागं तोच. सुकेशनीच्या तोंडचं पाणी पळालं. शेवटी दोघींनी ऑटो पकडला. मागं वळून पाहिलं, तर तो कुठंच नव्हता. वसतिगृहाचं फाटक दिसलं तेव्हा कुठं तिचा जीव भांड्यात पडला.

दिवेलागणीला वडलांचा फोन आला. आवाज घाबराघुबरा.

"पोरी, शुद्धीवर आलीस का? किती फोन केले, लागंनाच तुझा. तू चक्कर येऊन पडलीस म्हून सांगायला तुझे सर आल्ते. लय भला मानूस. आमी मागून येयलोत एसटीनं. बबिता गेली म्होरं त्यांच्या गाडीवर. पोचली का तुझ्यापाशी?"